नाव आजींचं, पाऊच स्टॉकिस्टचा: बडोद्यातल्या एका मसाल्याचं ट्रेडमार्क प्रकरण

बडोद्याच्या दांडिया बाजारात एक मराठी घर आहे. गोडा मसाला, मेतकूट, थालिपिठाची भाजणी आणि कांदा-लसूण मसाला तिथून नव्वदच्या दशकापासून विकला जातो. सुरुवात आजींनी केली. आधी शेजारपाजार, मग गणेशोत्सवातले आणि दिवाळीआधीचे स्टॉल, मग रावपुरा आणि खंडेराव मार्केटच्या आसपासची किराणा दुकानं, असं ते वाढत गेलं. माहेरी आजींना ज्या तीन अक्षरी नावाने हाक मारत, तेच ब्रँडचं नाव झालं. पाकिटावर त्यांचं रेखाचित्र आहे: नऊवारी, ठसठशीत कुंकू, हातात खलबत्ता. आता काम दोन सुना पाहतात. थोरल्या वहिनी दळण-भाजण आणि चव सांभाळतात, धाकट्या हिशेब. ते नाव आणि माणसांची नावं कुटुंबाच्या इच्छेवरून इथे देत नाही.

वाद असा की, याच नावाचा ट्रेडमार्क अर्ज त्यांच्या स्टॉकिस्टने, म्हणजे दुकानांत माल पोचवणाऱ्या वितरकाने, स्वतःच्या फर्मच्या नावे टाकला होता आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. कळलं ते थोरल्या वहिनींच्या मुलीमुळे. तिला मसाला ऑनलाइन बाजारात विकायचा होता. तिथे ब्रँड म्हणून नोंद करायला ट्रेडमार्कचा अर्ज क्रमांक मागतात. क्रमांक नव्हता, म्हणून तिने ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या, म्हणजे सरकारी नोंदणी कचेरीच्या, संकेतस्थळावर नाव शोधून पाहिलं. ही सोय सगळ्यांसाठी मोफत आहे. आजीचं नाव समोर आलं आणि अर्जदाराच्या जागी मकरपुऱ्यातल्या त्या फर्मचं नाव.

मी बडोद्यात ट्रेडमार्कचीच कामं करते. अशी प्रकरणं माझ्याकडे येतात तेव्हा नाव पळवणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो: स्टॉकिस्ट, जुना भागीदार, वेगळा झालेला चुलतभाऊ. नावाची किंमत आधी त्यांनाच कळते, कारण दुकानदार कुठल्या नावाने माल मागतो हे ते रोज ऐकत असतात. म्हणून हे प्रकरण मला लिहावंसं वाटलं. घरगुती धंदा करणाऱ्या आपल्या कितीतरी घरांची स्थिती अगदी अशीच आहे.

उरलेले दिवस

अर्जाची स्थिती 'ॲक्सेप्टेड अँड ॲडव्हर्टाइज्ड' अशी दिसत होती. म्हणजे रजिस्ट्रीने तपासणी करून अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापला होता. हे जर्नल दर सोमवारी निघतं. छापल्यापासून ४ महिन्यांच्या आत कुणीही हरकत घेऊ शकतं. ही मुदत वाढवून मिळत नाही. ४ महिने हरकतीविना गेले की नोंदणीचा मार्ग मोकळा होतो. आमच्या बाबतीत ३ महिने कधीच उलटून गेले होते.

धाकट्या वहिनींचं पहिलं म्हणणं होतं, आधी वकिलाची नोटीस पाठवू, भाई (म्हणजे तो स्टॉकिस्ट) घाबरून माघार घेतील. घरातल्या मोठ्यांचं म्हणणं उलट होतं: इतक्या वर्षांचा संबंध, चहाला बोलावू आणि बोलू. मी दोन्हीला नको म्हटलं. बोलण्यात आणि नोटिशीच्या उत्तराची वाट पाहण्यात मुदत निघून गेली असती, आणि मग तेच काम कितीतरी कठीण झालं असतं. एकदा नोंदणी झाली की ती रद्द करून घ्यायला ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ५७ खाली रजिस्ट्रारकडे किंवा उच्च न्यायालयात जावं लागतं. अशा अर्जांसाठी आणि अपिलांसाठी पूर्वी वेगळं मंडळ होतं, ते २०२१ मध्ये बंद झालं आणि ती कामं उच्च न्यायालयांकडे गेली. दरम्यान समोरच्याच्या हातात प्रमाणपत्र असतं आणि ते दाखवून तो तुमचाच माल ऑनलाइन दुकानावरून काढायला लावू शकतो.

म्हणून आधी हरकत, मग चहा. हरकतीचा टीएम-ओ फॉर्म ऑनलाइन भरला. शुल्क एका वर्गाला २,७०० रुपये. गुजरातचे अर्ज अहमदाबादच्या रजिस्ट्रीच्या हद्दीत येतात, पण फॉर्म घरबसल्या भरता येतो. त्याच आठवड्यात कुटुंबाचा स्वतःचा अर्जही टाकला. वस्तू आणि सेवा मिळून एकूण ४५ वर्ग आहेत. मसाले, भाजणी, मेतकूट वर्ग ३० मध्ये येतात, आणि आजींचं लिंबाचं लोणचं वर्ग २९ मध्ये. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर ऑनलाइन अर्जाला वर्गामागे ४,५०० रुपये पडतात, बाकीच्यांना ९,०००. अर्ज आजींच्या स्वतःच्या नावे होता, म्हणून दोन वर्गांचे मिळून ९,००० भरले. धाकट्या वहिनींना दुकान-विक्रीचा वर्ग ३५ सुद्धा घ्यायचा होता. मी थांबवलं. स्वतःचं दुकान नाही, दुसऱ्यांचा माल विकायचा विचार नाही, आणि नोंदवूनही सतत ५ वर्षं न वापरलेला मार्क वापर नसल्याच्या कारणावरून काढून टाकता येतो.

त्या आठवड्यात घरात सारखा एकच प्रश्न विचारला जात होता: सरकारी कचेरीने हे नाव भाईंना दिलंच कसं? कचेरी आपल्या नोंदवहीत आधीपासून काय आहे ते पाहते, आणि नाव मुळात नोंदण्याजोगं आहे का ते पाहते. दांडिया बाजारात कोण काय विकतं हे तिला कळायला वाव नाही. न नोंदवलेल्या नावाचा जुना वापर किंवा चित्रावरचा कॉपीराइट हे मुद्दे, कलम ११ च्या रचनेनुसार, ज्याचं नाव आहे त्यानेच हरकत घेऊन मांडायचे असतात. इतकी वर्षं आजींच्या घरातून कुणी नोंदवहीत काही लिहिलं नव्हतं, तेव्हा कचेरीच्या दृष्टीने ते नाव मोकळंच होतं.

त्यांच्याच अर्जातला एक रकाना

स्टॉकिस्टचा अर्ज नीट वाचला तेव्हा एक गोष्ट दिसली. पुढे सगळं प्रकरण तिच्यावरच फिरलं. अर्जात नाव कधीपासून वापरात आहे ते लिहायचं असतं. भाई हा मसाला वर्षानुवर्षं विकत होते. तरी त्यांनी तिथे 'प्रोपोज्ड टू बी यूज्ड' लिहिलं होतं, म्हणजे हे नाव आपण अजून वापरलेलं नाही, पुढे वापरणार आहोत.

असं का लिहिलं असावं? ट्रेडमार्क नियम २०१७ मधल्या नियम २५ प्रमाणे, जुन्या वापराचा दावा करायचा तर सोबत प्रतिज्ञापत्र आणि वापराचे कागद जोडावे लागतात. भाईंकडे कागद होते, पण ती खरेदीची बिलं होती आणि विकणाऱ्याच्या जागी दांडिया बाजारचा पत्ता होता. ती बिलं जोडली असती तर मसाला कुणाचा हे पहिल्याच पानावर कळलं असतं. म्हणून त्यांनी, किंवा त्यांचा अर्ज भरणाऱ्याने, सोपा रस्ता घेतला. आणि तेवढ्यात स्वतःच लिहून दिलं की आजवरचा वापर आपला नाही.

आमच्या हरकतीचा कणा हाच झाला. अर्ज करणारा स्वतःला नावाचा मालक म्हणवतो, कलम १८ ची तीच अट आहे. जो दुसऱ्याचा माल विकत घेऊन पुढे विकतो तो मालक कसा? शिवाय कलम ११ मध्येच असंही आहे की हरकतीचा विचार करताना रजिस्ट्रारने अर्जदाराचा हेतू प्रामाणिक आहे की नाही हे पाहायचं.

दुसरा मुद्दा चित्राचा. हयात व्यक्तीशी, किंवा जिला जाऊन २० वर्षं झालेली नाहीत अशा व्यक्तीशी, खोटा संबंध सुचवणारा मार्क असेल तर कलम १४ प्रमाणे रजिस्ट्रार त्या व्यक्तीची किंवा वारसांची लेखी संमती मागू शकतो. पाकिटावरच्या आजी आजही सकाळी उठून धने निवडतात. त्यांची संमती कुणी विचारली नव्हती. आमच्या स्वतःच्या अर्जाला मात्र आजींनी सही करून संमतिपत्र दिलं.

तिसरा मुद्दा त्या चित्राच्या कॉपीराइटचा. रेखाचित्र काढलं होतं आजींच्या भाच्याने. तो तेव्हा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला शाखेत शिकत होता. पैसे घेतले नव्हते, कागद केला नव्हता. कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्राचा पहिला मालक सहसा ते काढणारा असतो, आणि हक्क दुसऱ्याकडे जायला लेखी कागद लागतो. म्हणजे काटेकोर पाहिलं तर ते चित्र आजींच्या घराचंही नव्हतं. भाच्याने आनंदाने हक्क लिहून दिले, त्यामुळे निभावलं. पण लोगो, लेबल, पाकिटाचं डिझाइन करून घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते: काम हातात घेतानाच दोन ओळींचं हस्तांतरण सही करून घ्या. डिझायनर मित्र असला तर आधी घ्या.

पुरावा कुठे सापडला

भारतीय कायद्यात नोंदणीला वजन आहे, पण खऱ्या आणि आधीच्या वापराला त्याहून जास्त. तिरुनेलवेलीच्या 'इरुट्टुक्कडै' हलव्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हे स्वच्छ सांगितलं: आधी वापरणाऱ्याचा हक्क नंतर नोंदणी मिळवणाऱ्यापेक्षा वरचा असतो, आणि नोंदणीकृत मालकावरही 'पासिंग ऑफ'चा, म्हणजे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवल्याचा, दावा चालतो. एका छोट्या मिठाईच्या दुकानाच्या नावावरून झालेला हा निकाल आजींच्या घराला अगदी लागू पडत होता. मात्र आधीचा वापर दाखवावा लागतो, आणि तो तारीख असलेल्या कागदानेच दाखवता येतो.

इथे घराची पंचाईत होती. पहिली कित्येक वर्षं विक्री रोखीने आणि कच्च्या चिठ्ठ्यांवर झालेली. ज्या वह्या होत्या त्यांत 'गोडा २ किलो, जोशीकाकू' असल्या नोंदी. ब्रँडचं नाव कुठेच नाही, कारण घरच्या वहीत स्वतःचंच नाव कोण लिहितो?

मग आम्ही घराबाहेर शोधायला लागलो, आणि खरा खजिना तिथे निघाला. बडोद्यातल्या मराठी मंडळांच्या गणेशोत्सव स्मरणिका लोक कपाटात जपून ठेवतात. त्यांत आजींनी दिलेल्या पाव पानाच्या जाहिराती होत्या. नाव, पत्ता, 'दिवाळी फराळाचे मसाले मिळतील', आणि मुखपृष्ठावर छापील वर्ष. स्मरणिका तिसऱ्याच माणसाने छापलेली असते आणि वादाच्या कितीतरी आधीची असते, म्हणून तिच्यावर विश्वास बसतो. एका स्टॉलच्या भाड्याची पावती मिळाली. रावपुऱ्यातल्या छापखान्याचं जुन्या कागदी लेबलांचं बिल मिळालं, त्यावर 'लेबल' या शब्दापुढे ब्रँडचं नाव लिहिलेलं होतं. पुणे-मुंबईला आणि परदेशातल्या नातेवाइकांना पाठवलेल्या कुरियरच्या पावत्या निघाल्या. अन्न परवाना थोरल्या वहिनींच्या नावे होता आणि परवान्याचा १४ आकडी क्रमांक प्रत्येक पाकिटावर छापलेला होता.

दुकानदारांची प्रतिज्ञापत्रंही घेतली. खंडेराव मार्केटजवळच्या एका गुजराती दुकानदाराने लिहून दिलं की गिऱ्हाईक नावानेच मागतं, आणि माल कुठला असं विचारलं तर आपण 'दांडिया बाजारवाळां माजीनो', म्हणजे दांडिया बाजारच्या आजींचा, असं म्हणतो. स्टॉकिस्टच्या फर्मचं नाव त्याच्या लेखी फक्त बिलावर होतं. नाव ऐकल्यावर लोकांच्या मनात कुणाचं घर येतं, हे एका वाक्यात सांगणारा इतका थेट पुरावा दुसरा नव्हता.

एक अडचण पाहून मात्र मला काळजी वाटली होती. आताचे छापील पाऊच पाहिले तर समोर मोठ्या अक्षरांत 'मार्केटेड बाय' आणि स्टॉकिस्टची फर्म. दांडिया बाजारचा पत्ता मागे बारीक अक्षरांत, 'निर्माता' या शब्दाखाली. आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार निर्माता आणि पत्ता छापणं बंधनकारक आहे, म्हणून तो तिथे होता. ती बारीक ओळ नसती तर पाकीट पाहणाऱ्याला सगळा माल भाईंचाच वाटला असता. घरात कुणी पाऊच मंजूर करताना हे पाहिलं नव्हतं. चव आपली, बाकी भाई बघतील, अशी वाटणी झाली होती.

स्टॉकिस्टची बाजू

भाईंनी कायद्याच्या मुदतीत, म्हणजे हरकतीची नोटीस मिळाल्यापासून २ महिन्यांच्या आत, काउंटर स्टेटमेंट (हरकतीला लेखी उत्तर) भरलं. ते भरलं नसतं तर अर्ज आपोआप सोडून दिल्यासारखा धरला गेला असता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मी येण्याआधी हा मसाला गल्लीतल्या मराठी घरांपुरता होता. पाऊच माझ्या पैशाने छापले, छपाईचे सिलिंडर माझ्या खर्चाने झाले, आणंद-नडियाद-भरूचपर्यंत मी माल पोचवला, उधारी मी सोसली. बाजार मी उभा केला, तर नाव माझं का नाही?

हे म्हणणं खोटं नव्हतं. आणंदच्या दुकानात तो मसाला भाईंच्या टेम्पोमुळेच पोचला. त्यांना चोर म्हणून बाजूला सारणं मला पटत नव्हतं आणि आजही पटत नाही. पण कायदा विचारतो तो प्रश्न वेगळा आहे: गिऱ्हाईक त्या नावावर विश्वास ठेवतं तो कुणाच्या जोरावर, आणि चव बिघडली तर जबाबदार कोण? वितरकाने नाव दूरवर नेलं तरी, वेगळा करार नसेल तर, ती पत माल बनवणाऱ्याच्या खात्यात जमा होते. मेहनतीचा मोबदला कमिशनमध्ये मिळतो. भाईंनी वर्षानुवर्षं कमिशन घेतलंच होतं.

कलम १४६ असंही आहे की एजंटाने मालकाचा मार्क स्वतःच्या नावे नोंदवायचा प्रयत्न केला तर मालक हरकत घेऊ शकतो, नोंदणी झाली असेल तर रद्द करून घेऊ शकतो. पण ते कलम ज्याचा मार्क आधीच नोंदवलेला आहे त्याच्यासाठी आहे. आजींचा नव्हता. नोंदणी वेळेवर केली असती तर एवढं सगळं खणून काढावंच लागलं नसतं.

हरकतीनंतर भाईंच्या वकिलाकडून एक प्रस्ताव आला: आपण नावाच्या मागे एक शेपूट जोडतो, 'स्पेशल' किंवा 'गोल्ड' असं काही, दोघेही वापरू. घरातल्या काहींना ते बरं वाटलं. मी ठाम नकार द्यायला सांगितलं, आणि त्याचं कारण बडोद्याच्याच एका खटल्यात आहे. कॅडिला हेल्थकेअर आणि कॅडिला फार्मास्युटिकल्स या एकाच मूळ समूहातून निघालेल्या दोन कंपन्यांमध्ये 'फाल्सिगो' आणि 'फाल्सिटॅब' या मलेरियाच्या औषधांच्या नावांवरून वाद झाला. दावा बडोद्याच्या जिल्हा न्यायालयात पडला. तिथे मनाई मिळाली नाही, गुजरात उच्च न्यायालयातही नाही. कारण असं दिलं होतं की दिसायला-किमतीला औषधं वेगळी आहेत आणि ती फक्त इस्पितळांना व दवाखान्यांना विकली जातात. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नावांची तुलना कशी करायची त्याच्या कसोट्या घालून दिल्या: नावं कानाला कशी लागतात, माल कोणता आहे, घेणारा कोण आहे आणि किती लक्ष देऊन घेतो. त्याही आधी, १९६२ मध्ये, 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा'च्या प्रकरणात न्यायालयाने साध्या बुद्धीचा, नाव अर्धवट आठवणारा गिऱ्हाईक समोर ठेवला होता. मसाल्याचं पाकीट घेणारं माणूस तसंच असतं. ते दुकानदाराला तोंडी नाव सांगतं आणि शेपूट गळून पडतं. नाव देवनागरीत, गुजरातीत की रोमन लिपीत छापलंय यानेही त्याला फरक पडत नाही. भाईंनी अर्ज रोमन अक्षरांत केला होता, पण उच्चार तोच.

दोघांनी एकच नाव वापरायचं ठरवलं तर दोन-तीन वर्षांत गिऱ्हाइकाला कुठला मसाला कुणाचा हे कळेनासं होतं. मग नावाने काही कळतच नाही, आणि ज्याच्या मालात चव आहे त्याचंच नुकसान जास्त होतं.

दिवाळीच्या तोंडावर अशी बातमी आली की भाई दुसऱ्या एका गिरणीतून मसाल्याचे नमुने मागवत आहेत, त्याच पाऊचमध्ये भरायला. ते घडलं असतं तर मी लगेच कमर्शियल कोर्टात पासिंग ऑफचा दावा टाकून तातडीची मनाई मागितली असती. मसुदा तयार होता. सुदैवाने तसा माल बाजारात आला नाही. कोर्टात न जाण्याचा निर्णय कुटुंबाचा होता आणि मला तो योग्य वाटला. हरकतीचं काम कागदावर भक्कम होतं, आणि ऐन हंगामात घरातली दोन कर्ती माणसं कोर्टाच्या तारखांना अडकली असती.

समझोता

आमचा पुरावा दाखल झाल्यावर भाईंचा सूर बदलला. त्यात स्मरणिकेच्या पानाचा वाटा मोठा होता, आणि आणखी एका गोष्टीचा. नव्या लॉटच्या पाऊचवर त्यांनी वर्तुळातलं आर हे चिन्ह छापून टाकलं होतं. ते चिन्ह नोंदणी पूर्ण झालेल्या मार्कालाच लावता येतं. नोंदणी नसताना लावणं कायद्याने दंडनीय आहे. अर्ज असो वा नसो, आपलं नाव म्हणून सांगायला टीएम ही दोन अक्षरं मात्र कुणीही लावू शकतो.

बैठक झाली दोन्ही घरांना मान्य असलेल्या एका ज्येष्ठ व्यापाऱ्याच्या पेढीवर. भाईंनी अर्ज मागे घ्यायचा, सिलिंडर आणि उरलेले पाऊच द्यायचे, नाव आजींच्या घराचं आहे हे लेखी मान्य करायचं. कुटुंबाने सिलिंडरचा आणि पाऊचचा खर्च चुकता करायचा, आणि ठरलेल्या भागासाठी भाईंनाच स्टॉकिस्ट ठेवायचं, पण यावेळी करार करून. करारात साफ लिहिलं आहे की वितरणामुळे नावाची जी पत वाढेल ती निर्मात्याची, पाऊचचं प्रत्येक डिझाइन निर्माता मंजूर करेल, करार संपला की नाव वापरणं त्याच दिवशी थांबेल.

सिलिंडरचे पैसे देण्यावरून घरात भांडण झालं. धाकट्या वहिनी म्हणाल्या, "आपलं नाव पळवायला निघाले, वर आपणच पैसे द्यायचे?" मी द्या म्हटलं. तो खर्च त्यांनी खरोखर केला होता, आणि सिलिंडर त्यांच्या ताब्यात राहणं आपल्याला परवडणारं नव्हतं. वहिनींना ते अजून पटलेलं नाही. उरलेले पाऊच वापरून संपवावेत असंही घरात ठरत होतं. आर छापलेले पाऊच आपणही वापरू शकत नाही, हे सांगून ते नष्ट करायला लावले. नवे पाऊच छापून घेतले. त्यावर समोर आजींचं घर, आणि 'वितरक' ही ओळ मागे.

नाव घरात कुणाचं

भाईंचं प्रकरण मिटलं, पण माझ्या मते सगळ्यात नाजूक प्रश्न घरातलाच होता. कुटुंबाचा अर्ज टाकताना मालक म्हणून कुणाचं नाव घालायचं? धंदा आजींनी काढला. अन्न परवाना थोरल्या वहिनींचा. बँक खातं धाकट्या वहिनींच्या नावे. भागीदारीचा कागद कुणाचाच नाही. आणि पुण्यात मधला मुलगा आहे. त्याची बायको सासूकडून शिकून तोच मसाला त्याच नावाने तिकडच्या सोसायट्यांत विकते.

घरातलं माणूस आहे, चालतंय, असं म्हणत बहुतेक कुटुंबं हे पुढे ढकलतात. फरसाण-मिठाईच्या धंद्यात भाऊबंदांचे नावावरून किती खटले झाले हे आपण वाचतोच, आणि बहुतेकांची सुरुवात अशाच न बोललेल्या गोष्टीतून झालेली असते. आजी हयात आहेत, त्यांचं मन स्वच्छ आहे, सगळे एका ताटात जेवतात. असं असताना हे लिहून घेणं सोपं होतं.

मुदतीमुळे पहिला अर्ज आजींच्याच नावे टाकला. त्या मूळ मालक, आणि प्रतिज्ञापत्रही त्यांचंच होतं. नंतर दोन्ही सुनांची भागीदारी फर्म केली आणि आजींनी नाव, चित्र आणि धंद्याची पत फर्मला लेखी हस्तांतरित केली. न नोंदवलेला मार्कही असा हस्तांतरित करता येतो. अर्जावर मालक बदलल्याची नोंद त्यानंतर मागितली. फर्ममध्ये आजींना नफ्याचा हिस्सा ठेवला आहे. त्यांनी तो आधी नाकारला. थोरल्या वहिनींनी ऐकलं नाही.

अर्जाचा तपासणी अहवाल आला तेव्हा त्यात दोन हरकती होत्या. एक, भाईंचा आधीचा अर्ज, जो तोवर कागदोपत्री मागे घेतलेला नव्हता. दोन, पाकिटावरच्या 'गोडा मसाला' या शब्दांवर कुणाचा एकट्याचा हक्क असू शकत नाही. दुसरी हरकत रास्तच होती. मालाचं वर्णन करणारा शब्द कुणा एकाला मिळत नाही. बडोद्यात लीलो चेवडो आणि भाकरवडी शेकडो दुकानं विकतात, आणि ती विकणाऱ्या सगळ्यांचीच आहेत. आम्ही उत्तरात लिहून दिलं की त्या शब्दांवर हक्क सांगत नाही, हक्क आजींच्या नावावर आणि चित्रावर आहे. उत्तराला ३० दिवस असतात. भाईंच्या माघारीची नोंद जोडून मुदतीत उत्तर दिलं.

आता अर्ज जर्नलमध्ये छापून यायची वाट आहे. त्यानंतर पुन्हा ४ महिने, यावेळी इतरांच्या हरकतीसाठी. नोंदणी झाली तर ती १० वर्षांची असेल आणि दर १० वर्षांनी शुल्क भरून पुढे चालू ठेवता येईल. दर सोमवारचं जर्नल पाहायचं काम नातीने घेतलं आहे. सारखं वाटणारं दुसरं नाव दिसलं तर ते तिने दोन आठवड्यांच्या आत मला कळवायचं ठरलंय.

पुण्याचा प्रश्न मात्र अजून मोकळा आहे. सूनबाईंनी नाव वापरू नये असं कुणाचंच म्हणणं नाही. मी सुचवला आहे तो फर्मने त्यांना द्यायचा लेखी परवाना: ठरलेली कृती, ठरलेला कच्चा माल, दर हंगामाला बडोद्यात नमुना पाठवायचा, पाकिटावर मालक म्हणून फर्मचं नाव. मालकाची देखरेख नसलेला परवाना पुढे नावाच्याच मुळावर येऊ शकतो, म्हणून या अटी. सूनबाईंचं म्हणणं, पुण्यात मिरच्या वेगळ्या मिळतात आणि तिथल्या लोकांना तिखट कमी लागतं. थोरल्या वहिनी म्हणतात, मग नाव वेगळं ठेव. मिरचीचं प्रमाण ठरल्याशिवाय मसुदा पुढे सरकणार नाही, आणि ते आजींनीच ठरवावं असं दोघींनी मान्य केलं आहे.